लंकेहून आणलेली चटणी

माणसानं विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बघू? दुकानातल्या मांजरावर, की बायकोच्या भावावर? उत्तराची घाई करू नका. मी केली होती, आणि त्या घाईचा संताप अजून माझ्या डोक्यातून उतरलेला नाही.

कल्याणच्या बाजारात माझं तांदळाचं दुकान. शाळा चौथीपर्यंत, पण मूठभर तांदूळ तळहातावर घेतला की तो किती जुना आणि विकणारा किती खोटा, दोन्ही सांगतो. गळ्यात तुळशीची माळ. मासळीबाजारावरून जायची वेळ आली तर मी लांबचा रस्ता धरतो.

बावन्न साली मी आणि मंदाकिनी रामेश्वराला निघालो. तिचा भाऊ प्रभाकर मुंबईला एका बोटकंपनीत कारकून. तो म्हणाला, "भाऊजी, तिथवर जाताच आहात, तर पुढे लंका पाहून येऊ. कागदपत्रं माझ्याकडे लागली."

मी "बरं" म्हणालो. माझा गुन्हा एवढाच.

धनुष्कोडीला बोटीत बसलो. बोट हलली आणि पहिला आडवा झाला तो हा बोटकंपनीचा माणूस! मी त्याचं डोकं धरून बसलेलो, तो डोळे मिटून मला समुद्राची माहिती सांगतोय.

कँडीला एका सिंहली विधवाबाईच्या घरी उतरलो. गाव सुरेख. मधोमध तळं, काठी बुद्धाच्या दाताचं देऊळ, बागेत मांडीएवढे जाड बांबू. आणि खाणं! वाफवलेल्या शेवयांच्या जाळीदार चकत्या, कडेला कुरकुरीत झालेली आप्पमं, लाल तांदळाचा भात, आणि सगळ्यांबरोबर एक लालभडक चटणी.

"यात काय काय आहे रे?" मी प्रभाकरला विचारलं.

"खोबरं, मिरची, लिंबू. मी बाईंना विचारून घेतलंय."

"कुठल्या भाषेत?"

"खुणांनी."

इथेच मी पान सोडून उठायला हवं होतं. पण समोर लाल तांदूळ! मी एकेक शीत बोटांवर चिरडून बघत होतो. तांदूळ पारखायचा मी, बाकीचं पान मेहुण्यानं, अशी वाटणी झाली. (अशी वाटणी शत्रूवरही येऊ नये.) मंदाकिनीनं दुसऱ्या दिवसापासून चटणी सोडली. "तिखट आहे हो," म्हणाली. मी मात्र तिला रोज सांगे, "असं सात्त्विक खाणं आपल्याकडे राहिलं नाही!" निघताना बाईंनी ती चटणी प्रवासासाठी कोरडी भाजून बरणीभर दिली.

कल्याणला पोचलो, तर दुकानातली चिंधी नावाची मांजर धावत आली. ही उंदरांशिवाय कुणाकडे ढुंकून बघत नाही, पण त्या दिवसापासून माझ्या सामानापासून हलेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मुक्या जनावराला माझी केवढी आठवण!

यात्रेहून आलं की मावंदं घालायचं, म्हणजे पूजा करून चार लोकांना जेवू घालायचं. या मावंद्यावर माझ्या मुलीचं, उत्तराचं, लग्न अवलंबून होतं. डोंबिवलीचे तेलाचे व्यापारी दामोदरशेट माझ्याहून कडक माळकरी. त्यांच्या आनंदला उत्तरा पसंत, उत्तराला आनंद पसंत. अडलं होतं ते बापाच्या "हो"वर. ते म्हणालेले, "घराचं वळण पंगतीत कळतं. मावंद्याला येतो, जेवतो, मग सांगतो."

पहिल्या पंगतीला दामोदरशेट, भटजी आणि प्रभाकर. मंदाकिनी चटणी वाढायला नको म्हणत होती. मी तिच्या हातून बरणी ओढून घेतली. लंकेचा प्रसाद व्याह्यांना नाही वाढायचा तर कुणाला? दामोदरशेटांनी एकदा घेतली, दोनदा घेतली, तिसऱ्यांदा स्वतःच बोट दाखवलं. लग्न ठरलं म्हणून मी मनात मांडव घालत होतो, तेवढ्यात चिंधीनं खिडकीतून थेट त्यांच्या पानात उडी मारली आणि चटणीवर तुटून पडली.

"ह्या मांजराला झालंय काय?" मी ओरडलो.

"साहजिक आहे, भाऊजी," प्रभाकर भुरका मारत म्हणाला. "सुकी मासळी असते ना त्यात."

मी वाढायची पळी घेऊन त्याच्या पानासमोर जाऊन उभा राहिलो.

"मासळी? मेल्या, तू खोबरं म्हणालास!"

"खोबरंच आहे हो. मासळी नुसती चवीपुरती. आणि अख्खा मासा नव्हे, पूड!"

मी पळी उगारली. भटजी म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं," आणि बोट चाटलं. दामोदरशेटांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं.

"शेट, ओरडू नका. मला पहिल्याच घासाला कळलेलं. माळ चाळिशीत घातली मी. लहानपण वसईला मामाकडे गेलं."

"मग तीन-तीनदा का घेतलीत?"

"पुन्हा मिळेल याचा काय भरवसा?" ते हळूच म्हणाले. "मुलगी पसंत आहे. बरणी रुखवतात ठेवा. वर फडकं बांधून."

मी तणतणत स्वयंपाकघरात गेलो. "तुला ठाऊक होतं?"

"कोकणातली आहे मी. वास कळत नाही होय?"

"मग तिथेच सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सात्त्विक-सात्त्विक म्हणत पुन्हा भात मागत होतात. कुठल्या तोंडानं सांगू?"

लग्न झालं. आता दामोदरशेट नातवाला मांडीवर घेऊन ही गोष्ट सगळ्या डोंबिवलीला सांगतात. त्यात स्वतः चटणी नुसती जिभेला लावतात, आणि वाडगा भरून खातो तो मी! याच रागानं हे लिहायला बसलो. तेव्हा तुम्ही कुणाला सांगाल तर हिशोब प्रामाणिकपणे ठेवा. तीन वेळची चटणी दामोदरशेटांच्या नावावर, पाप प्रभाकरच्या नावावर. आणि मावंद्याच्या दुपारी सगळे लवंडल्यावर बरणीतली चटणी आणखी चार बोटं खाली गेली. मी मंदाकिनीला चिंधीनं खाल्ली म्हणून सांगितलं होतं. ते तेवढं चिंधीच्या नावावर मांडू नका.