ओढ्यापल्याडचे आमदार

आमदार सखोबातात्या पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही की नोकरी विचारली नाही. मंगळवार पेठेतल्या आमच्या घराची वरची खोली त्यांनी भाड्यानं घेतली होती. जिन्याशी ट्रंक टेकवली, टोपी काढून कपाळ पुसलं आणि म्हणाले, "मंडळी कुठं असत्यात?"

"स्वयंपाकघरात," मी म्हटलं.

"झ्याक," तात्या म्हणाले. मी काही मोठा पराक्रम केल्यासारखी माझ्या पाठीवर थाप मारून ते वर गेले.

पुढं ते दोनदा निवडून आले. तेवढ्या सगळ्या काळात आमच्या जिन्यावरून जो जो वर गेला, त्याला हा प्रश्न चुकला नाही. कुणी पाझर तलाव मागायला येई, कुणी शाळेच्या छपराला पत्रे. तात्या मान डोलवत, जांभई दाबत, "बघू की" म्हणत. पण पाहुणा माझ्यासारखा मास्तर, नाहीतर तलाठी असा कुणी निघाला आणि "मी गगनबावड्यात, ती शिरोळला" असं म्हणाला, की तात्या ताठ होऊन बसत. बायकोला स्वयंपाक येतो का, जेवणाचं कोण बघतं, पोरं कुणाजवळ असतात, सगळी चौकशी होई आणि मग धोतर सावरत तात्या थेट मुंबईची गाडी धरत. नवराबायकोची बदली एका गावात करणं हे त्यांच्या मते सरकारचं पहिलं काम होतं. धरणं, रस्ते, कारखाने ही सवडीनं करायची कामं. "आधी मानसं एका चुलीवर जेवूंद्यात, मग काय त्या योजना करा," असं ते मंत्र्यांनाही सुनावत.

एकदा एक ब्रह्मचारी मास्तर गावाजवळची शाळा मागायला आला. तात्यांनी त्याला आधी लग्न कर म्हणून परत पाठवलं. त्यानं खरंच केलं, तेही एका मास्तरणीशी. तात्यांनी अक्षता टाकल्या आणि आहेर म्हणून दोघांची बदली करून दिली.

विधानसभेत ते क्वचित बोलत. एकदा गळक्या बंधाऱ्यावर चर्चा चालली होती. सिमेंट, कंत्राटदार, चौकशी समिती असं सगळं बोलून झाल्यावर तात्या उठले. म्हणाले, "अध्यक्ष महाराज, त्या बंधाऱ्यावरचा इंजिनियर हितं हाय आणि त्याची बायको पार तिकडं चांद्याला. बंधारा गळल न्हाईतर काय हुईल?" सभागृह खदखदून हसलं, पण महिन्याभरात इंजिनियरची बायको कोल्हापुरात आली. बंधारा मात्र गळतच राहिला. तात्यांचं म्हणणं, त्यांचं नवंनवं हाय, जरा दम धरा.

एका तलाठ्याच्या बाबतीत मात्र घोटाळा झाला. त्याची बायको कागलला शाळेत होती आणि तो घाटमाथ्यावर एकटा. तात्यांनी त्याला न विचारताच त्याची कागलला बदली करून टाकली. तलाठी हुकूम हातात घेऊन आमच्या जिन्यावर येऊन बसला आणि अक्षरशः रडला. घाटमाथ्यावरची बदली त्यानं बायकोपासून लांब म्हणून किती खटपटी करून मागून घेतली होती, हे तेव्हा कळलं. तात्यांना काही त्याची दया आली नाही. भांडा, पण एका घरात भांडा, असं सांगून त्यांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

आता एवढ्या लोकांच्या मंडळींची चौकशी करणाऱ्या माणसाची स्वतःची मंडळी कुठं, हे विचारायला माझ्या बायकोनंच धीर केला. तात्या पायात घालायच्या वहाणा शोधू लागले. वहाणा पायातच होत्या.

तात्यांची मंडळी, म्हणजे आमच्या मामी, गावाकडं असत. गाव गगनबावड्याच्या वाटेवर, मोठ्या रस्त्यापासून आत, ओढ्यापल्याड. पावसाळाभर ओढा भरलेला, मग गाव तुटलेलं. मामी एकदा डोळे दाखवायला कोल्हापूरला आल्या होत्या. माझी बायको त्यांना इथंच राहा म्हणून आग्रह करू लागली. त्या म्हणाल्या, "सासूबाई हाईत, म्हस हाय. आणि बाई, आमदार पाच वर्सांचा, म्हस रोजची." तात्या शेजारीच बसले होते. त्यांनी मान खाली घालून भाकरी मोडली.

पावसाळ्यात तात्या रोज संध्याकाळी एस.टी. स्टँडवर जात. गगनबावड्याची गाडी लागली की कंडक्टरला विचारत, "ओढा उतरला का?" तो न्हाय म्हणाला की छत्री मिटून तिथंच बाकावर बसून राहत. मला वाटे, काय मतदारांची काळजी आहे या माणसाला! मी तसं चारचौघांत सांगतही असे.

त्या ओढ्यावर पूल बांधा म्हणून गावकऱ्यांनी त्यांच्याकडं कितीदा खेटे घातले. तात्यांनी आसपासच्या गावांना पूल दिले, पण आपल्या गावाचं नाव कायम शेवटी ठेवलं. सोताच्या बायकोकडं जायला सरकारी पूल बांधला म्हनतील, हे त्यांचं भय. मी त्यांना वेड्यात काढलं. अहो, गावात दुसरी माणसं राहत नाहीत का, असंही म्हटलं. ते छत्री उचलून स्टँडकडं निघाले.

तिसऱ्या निवडणुकीत विरोधकाला भाषण करावंच लागलं नाही. प्रत्येक सभेत तो एकच वाक्य म्हणे, "ज्याला सोताच्या बायकूपत्तूर जाता येत न्हाय, त्यो तुमच्यापत्तूर काय येनार?" टाळ्या पडत. तात्या सपाटून आपटले. ज्यांच्या चुली त्यांनी एक केल्या, ते समाचाराला येऊन बसले आणि माझ्या बायकोनं केलेला चहा पिऊन आपापल्या मंडळींकडं गेले. मला त्यांचा फार राग आला.

मे संपता संपता तात्यांनी खोली सोडली. मी ट्रंक घेऊन स्टँडवर गेलो. धीर द्यावा म्हणून काहीबाही बोलत होतो. नवा आमदार पहिला तोच पूल बांधणार आहे, असंही कळलं होतं, तेही सांगून टाकलं.

"बांधू दे की," तात्या म्हणाले. "सरकारी काम हाय. दोन-चार पावसाळं जात्यालच." मग जरा थांबून, लाजल्यासारखे होऊन म्हणाले, "मास्तर, तिनंबी मला मत दिलं न्हाय. तिनंच सांगितलं. म्हनली, झालं तेवढं बास, आता घराकडं या."

हरलेला माणूस इतका खूश मी कधी पाहिला नव्हता. कंडक्टरनं जुन्या सवयीनं आमदारांची राखीव जागा झटकून दिली. तात्या हात जोडून मागच्या बाकावर जाऊन बसले.

त्या वर्षी पाऊस दणकून झाला. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर माझे पाय आपोआप स्टँडकडं वळले. गगनबावड्याची गाडी लागली होती. मी कंडक्टरला विचारलं, "ओढा उतरला का?"

"न्हाय ओ मास्तर," तो म्हणाला. "गाव पार तुटलंय."

मला इतकं बरं वाटलं, की येताना मी मंडळींसाठी गजरा घेतला.