शेल्बी कोणाची?

फेब्रुवारीत आमच्या टेलर्स फोर्क गावचे लोक दोनच गोष्टींची वाट पाहतात: बर्फ वितळण्याची आणि कर खात्याकडून परतावा येण्याची. त्यातल्या त्यात बर्फ वेळेचा पक्का.

गावच्या वाचनालयात दर शनिवारी, मुलांच्या विभागातल्या कासवाच्या काचपेटीशेजारी, कराची विवरणपत्रं फुकट भरून देण्याचं टेबल लागतं. टेबलामागे मी बसतो. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, निवृत्तीनंतर खात्याची परीक्षा देऊन छातीवर लावायचा बिल्ला मिळवला. त्यामुळे याला यातलं कळतं असा गावाचा समज आहे. कासवाचा तसा समज नसावा. मी आकडेमोड सुरू केली की ते मान आत ओढून घेतं.

त्या शनिवारी वांडा प्रूइट केकच्या पत्र्याच्या डब्यात कागद घेऊन आली. वांडा आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिची एकुलती एक शेल्बी राज्याच्या पार त्या टोकाला नर्सिंग शिकते. कॉलेजची काही फी थकली होती, आणि ती भरेपर्यंत पुढच्या सत्राला नाव घेणार नाही असं कॉलेजने कळवलं होतं. मात्र ज्याचं मूल कॉलेजात शिकतं त्याला सरकार करात सवलत देतं. त्या सवलतीत थकबाकी बरोबर भागत होती.

"बॉयड, या खेपेला एकही कागद विसरले नाही बघ," वांडा म्हणाली. "पोरीचं नाव लागलं पाहिजे. बाकी मला काही नको."

पहिला कागद कॉलेजचा. वर्षभरात किती फी भरली ते त्यात लिहिलेलं असतं. खाली बारीक अक्षरात असंही लिहिलेलं असतं, की या रकमेवर विसंबून राहू नये.

"मग पाठवला कशाला?"

"न पाठवला तर त्यांना दंड होतो."

वांडाने मान डोलावली. शाळेच्या जेवणात नियम म्हणून पालेभाजी असतेच, ती कोणी खात नाही. तेव्हा हे तिला लगेच पटलं.

मी सगळं भरलं आणि पाठवलं. संगणक जरा विचारात पडला आणि म्हणाला, नामंजूर. या मुलीचं नाव आधीच दुसऱ्या कोणाच्या विवरणपत्रात लागलेलं आहे.

वांडाचा चेहरा भट्टीसारखा तापला. "तिच्या बापाचंच काम! टेक्सासला पळाला तेव्हा माझ्या नावावरचा ट्रक नेला. आता पोरही नेली कागदावरून!"

तिने तिथल्या तिथे लेकीला फोन लावला. पलीकडून शेल्बीचा आवाज आला, अगदी बारीक. "ममा, डॅडी नाही. मीच."

झालं होतं असं. उन्हाळ्यात ती आइस्क्रीमच्या दुकानात कामाला होती. पगारातून कापलेला कर परत मिळावा म्हणून तिने वसतिगृहात बसून आपलं विवरणपत्र आपणच भरलं. त्यात प्रश्न आला: तुम्हाला आपल्यावर अवलंबून असलेली व्यक्ती म्हणून दुसरं कोणी दाखवू शकतं का?

"मी 'नाही' वर टिचकी मारली," शेल्बी म्हणाली. "खोलीतली मैत्रीण म्हणाली, 'नाही' म्हटलं की आकडा वाढतो. वाढलाही. वर पडद्यावर रंगीबेरंगी कागदांचा पाऊस पडला, अभिनंदन म्हणून."

"म्हणजे तू सरकारला लिहून दिलंस, की तू कोणाचीच नाहीस?"

"ममा, अगं, एवढीशी चौकट होती ती."

"एवढीशीच होतीस तूही. मी काय तुला 'नाही' म्हटलं होतं?"

कासवाने मान आत घेतली.

पुढचा मार्ग नियमात सरळ दिलेला आहे. शेल्बीने दुरुस्ती पाठवायची, वांडाने पुरावे पाठवायचे, आणि दोघींनी धीर धरायचा. पुराव्यासाठी खात्याला फोन केला. वाट पाहणाऱ्यांसाठी लावलेलं व्हायोलिन इतका वेळ वाजलं, की वांडा त्या तालावर घरून आणलेले टॉवेल घडी करू लागली. घडी करताना तिला तिच्या आजीचं डोंगरातलं गाणं आठवलं आणि ती हळूच गुणगुणली:

*माय धुणं धुते, लेक दूरच्या गावाला,*
*बाही मोकळी मोकळी, कोण येईल भराया तिला?*

व्हायोलिन थांबलं. श्रीमती ऑस्टरहाउट नावाच्या अधिकारी बोलू लागल्या. आवाज लोण्यासारखा मऊ.

"मॅडम, मुलगी तुमच्या घरी राहते का?"

"नाही हो, कॉलेजात राहते."

मी दोन्ही हात हलवले. वांडा माझ्याकडे पाहून म्हणाली, "म्हणजे... राहते."

"बरोबर. शिक्षणासाठी बाहेर असलेली व्यक्ती घरीच असते."

"मग तिचा पलंग मला रोज रिकामा का दिसतो?"

"पलंग रिकामा नाही मॅडम. त्यावरची व्यक्ती तात्पुरती अनुपस्थित आहे. ती तुमच्यावर अवलंबून असल्याचा काही पुरावा?"

"बाई, तुम्हाला मुलं आहेत का? दर दुसऱ्या शनिवारी गोणीभर मळके कपडे घेऊन येते. माझं मशीन, माझा साबण, माझं पाणी. जाताना डबाभर चिकन नि बिस्किटं घेऊन जाते. याहून आणखी काय अवलंबून असतं माणूस?"

"धुणं ग्राह्य आहे," श्रीमती ऑस्टरहाउट म्हणाल्या. "पावती जोडा."

"घरच्या मशीनची पावती?"

"नसेल तर डॉक्टर, घरमालक किंवा धर्मगुरू यांचं पत्र चालेल."

घर वांडाचं स्वतःचं, म्हणजे घरमालक तीच. शेल्बी आजारी पडत नाही. उरले पाद्री. आमच्या चर्चचे पाद्री हॉलिस स्टिडम मोठ्या मनाचे. त्यांनी मोठं पत्र लिहिलं. शेल्बी लहानपणापासून आईबरोबर येते, चर्चच्या जेवणावळीत आईचा मक्याचा पाव वाटते, वगैरे सगळं आलं. शेवटी भरात येऊन त्यांनी लिहिलं, "सरतेशेवटी शेल्बी ही परमेश्वराची लेक आहे."

खात्याचं उत्तर आलं. पत्राबद्दल आभार. पत्रात आणखी एका दावेदाराचा उल्लेख आढळतो. त्यांचा पूर्ण पत्ता व ओळख क्रमांक कळवावा, आणि ते यंदा या मुलीचं नाव आपल्या विवरणपत्रात लावणार नसल्याची त्यांच्या सहीची संमती जोडावी.

पाद्री स्टिडम म्हणाले, "संमतीसाठी मी रोज विनंती करतोच आहे."

तेवढ्यात कॉलेजकडून आनंदाची बातमी आली. ही मुलगी कोणाचीच नाही असं कर खात्याच्या दप्तरी अजून नोंदलेलं त्यांना दिसलं होतं. निराधार विद्यार्थ्यांसाठी त्यांच्याकडे खास अनुदान असतं. ते त्यांनी तिच्या फीमध्ये परस्पर जमा केलं. शेल्बीने फोनवर किंचाळून सांगितलं, "ममा, फिटली! सगळी फिटली!"

वांडा रडली. मी मात्र नियमांचं पुस्तक उघडलं, कारण माझ्या छातीवर बिल्ला आहे. फी अनुदानातून भरली गेली, म्हणजे आईने भरली नाही. आईने भरली नाही, म्हणजे सवलत शून्य. यावर नियमातच एक तोडगा आहे: अनुदान फीवर खर्च न होता जेवणावर खर्च झालं असं दाखवायचं. मग फी पुन्हा आईच्या खिशातून गेली असं ठरतं. कायदेशीर आहे. मी स्वतः तपासलं.

"म्हणजे काय करायचं?" वांडाने विचारलं.

"शेल्बीने अनुदान खाल्लं असं लिहायचं."

"एवढं? ती पोर तर चिमणीसारखी जेवते."

लिहिलं. त्याची प्रत कॉलेजलाही गेली, आणि तिथल्या मदतनिधी कार्यालयाने ती वाचली. त्यांचं पत्र दोन ओळींचं होतं. अनुदान शिक्षणासाठी होतं. आपण ते खाल्ल्याचं आपणच कबूल केलं आहे. तरी रक्कम परत घेण्यात येत आहे. थकबाकी होती तिथे परत आली, आणि पुढच्या सत्राला नाव घ्यायची बंदीही.

"सर, आता मी काय करू?" शेल्बीने मला विचारलं. ती माझीच विद्यार्थिनी. अपूर्णांक शिकताना याच आवाजात विचारायची.

"धीर धर," मी म्हणालो. शाळेतही मी हेच सांगत असे.

खातं तपासत राहिलं. डोंगर हिरवे झाले, काजवे आले, काजवे गेले. ऑगस्टमध्ये कॉलेजचं सत्र शेल्बीला सोडून सुरू झालं. त्या शनिवारी ती घरी आली. गाडीच्या मागच्या बाजूला नेहमीची मळक्या कपड्यांची गोणी होती. आणि या वेळी धुतलेले कपडेही होते, हिवाळ्याचा कोटसुद्धा, आणि एकदाच घातलेला नर्सिंगचा निळा पोशाख. तो स्वच्छ निळा पोशाखही वांडाने मशीनमध्ये टाकला आणि झाकण लावून त्यावर हात ठेवून उभी राहिली.

खात्याचा निकाल त्यानंतर आला. आम्ही तिघांनी तो कासवापाशी बसून वाचला. पडताळणीच्या दिवशी सदर मुलगी कोणत्याही कॉलेजात शिकत नसल्याचं आढळलं. शिकत नाही, म्हणून शिक्षणाची सवलत नाही. विद्यार्थिनी नाही आणि वयाने सज्ञान, म्हणून आईवर अवलंबून असल्याचं धरता येत नाही. सबब, मुलीने प्रथम दिलेलं उत्तर बरोबर होतं: ती कोणाचीही नाही. ते उत्तर विनाकारण दुरुस्त करून खात्याचा वेळ घेतल्याबद्दल पुढील वेळी काळजी घ्यावी. खाली श्रीमती ऑस्टरहाउट यांची सही, आणि शाईने लिहिलेली एक ओळ: धुण्याबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटलं होतं.

शेल्बी म्हणाली, "म्हणजे ममा, माझी टिचकी बरोबरच होती."

"ऊठ," वांडा म्हणाली. "मशीन थांबलं असेल. ओले कपडे तसेच राहिले की वास येतो." दारापाशी तिने लेकीच्या जाकिटाची कॉलर नीट केली, पाचवीतल्या पोरीची करावी तशी, आणि दोघी गेल्या. त्याची नोंद कुठेच झाली नाही.

मी निकाल फायलीत लावला. प्रकरण नियमानुसार निकाली निघालं, कोणाकडूनही चूक झाली नाही, याचं मला समाधान आहे. टेबल अजून दर शनिवारी लागतं.

बसा की, तुमचाच नंबर आहे. कागद नंतर काढा. आधी एक सोपा प्रश्न, चौकट अगदी एवढीशी आहे: तुम्ही कोणाचे? आणि पावती आणली आहे ना?