मिशीवर बसलेला रंग

शिफ्ट सुटली की भोईरमामा पेंट शॉपच्या दारात उभे राहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची मिशी तपासायचे.

थट्टा नाही. अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात लोखंडी कपाटं आणि लॉकर बनत. मामा तिथले सगळ्यात जुने स्प्रे पेंटर. समोरच्याची हनुवटी दोन बोटांत धरायची, तोंड उजेडाकडे वळवायचं, सोनार नथ पारखतो तशी मिशी पारखायची आणि निकाल द्यायचा, "अर्ध्या लॉकरचा रंग घेऊन चाललास घरी. बायकोला काय कपाट समजतोस रं?" ज्याला मिशी नसेल त्याच्या भुवया बघत. आमच्या एका पेंटरने या जाचाला कंटाळून मिशीसकट भुवयाही उतरवल्या, तर मामांनी त्याच्या कानाची पाळी धरली.

मामांची स्वतःची मिशी म्हणजे पिंजलेल्या कापसाचा गठ्ठा. तीस वर्षं गन चालवूनही त्या पांढऱ्याशुभ्र मिशीवर रंगाचा कण बसलेला आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं: "रंग मालावर पायजे, मानसावर नाय."

मी तिथे सुपरवायझर म्हणून लागलो ते साल सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचं असेल. माझ्याजवळ एक डिप्लोमा होता, एक डायरी होती आणि भरपूर अक्कल होती. तिन्ही गोष्टी नव्याकोऱ्या, न वापरलेल्या. पहिल्याच आठवड्यात मी शोध लावला की आपलं पेंटिंग फार हळू चालतं, आणि उपाय म्हणून कॉम्प्रेसरचं प्रेशर वाढवलं. हवा जास्त, तर रंग जास्त, तर काम जास्त. इतकं सोपं गणित या लोकांना इतकी वर्षं कसं सुचलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

"सायेब," मामा म्हणाले, "फुंकर मारून भात गिळता येतो का? उडून जातो तो."

"मामा, तुम्ही काही दिवस घासकामाला बसा," मी म्हणालो. मामा पॉलिश पेपर घेऊन कोपऱ्यात बसले.

दोन तरुण पेंटरांच्या हातात गन आल्या आणि पेंट शॉपमध्ये जे धुकं उतरलं, तसं महाबळेश्वरातही मी आजवर पाहिलेलं नाही. आम्ही एकमेकांना हाका मारून शोधत असू. वॉचमनची पांढरी शेळी एकदा चुकून आत शिरली ती बाहेर आली पिस्ता रंगाची, आणि तिचं करडूच तिला ओळखेना. जवळच्या सिंधी वस्तीत, कॅम्प तीनमध्ये, मी केस कापायला गेलो, तर न्हावी म्हणाला, "साहेब, मशीन नको, पत्रा कापायची कात्री आणतो."

पिस्ता रंग का, तर एका इस्पितळाची तीनशे लॉकरची ऑर्डर होती. खास शेड, एकाच घाण्यात बनवून घेतलेला रंग. एकशे ऐंशी लॉकर झाले आणि मी पिंपात डोकावलो. माझ्या गतीने तो रंग जेमतेम सत्तर लॉकरना पुरणार होता. रंगवायचे होते एकशेवीस.

रंगवाल्याला फोन केला. तो म्हणाला, नवा घाणा तीन आठवड्यांनी, आणि शेड उन्नीस-बीस होईल. इस्पितळवाले म्हणाले, शेड उन्नीस-बीस झाली तर सगळा माल परत. आमचे मालक खूबचंद शेठ कॅम्प चारहून स्कूटर उडवत आले, पिंपात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"साईं, कलर पीता है क्या तू? माल सोमवार को जाएगा. नहीं तो तू जाएगा."

तो गुरुवार होता. आणि माझं लग्न ठरलेलं होतं. सासऱ्यांनी मुलगी मला नव्हे, सुपरवायझरला दिली होती. पत्रिका छापून झाल्या होत्या आणि त्यात माझ्या नावापेक्षा हुद्द्याची अक्षरं मोठी होती. आता तो हुद्दा वाचवू शकेल असा माणूस पृथ्वीतलावर एकच होता, आणि त्याला मी घासकामाला बसवलेलं होतं.

मी कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. "मामा..."

मामांनी पॉलिश पेपर खाली ठेवला. "किती उरलाय?" एवढंच विचारलं. "मी सांगितलं नव्हतं का" हे वाक्य या देशात न बोललेला मी पाहिलेला तो एकमेव वडीलधारा माणूस.

आधी त्यांनी प्रेशर उतरवलं. काटा इतका खाली आणला की कॉम्प्रेसरचं घोरणं थांबून तो आजारी डासासारखा गुणगुणायला लागला. मग बांबूची एक काडी आपल्या वितीएवढी तोडून गनच्या तोंडाशी बांधली. "काडीचं टोक मालाला टेकता टेकता राहिलं पायजे. लांब गेलास तर रंग वाऱ्याचा, जवळ आलास तर वघळ." मामींच्या जुन्या लुगड्यातून रंग गाळून घेतला. लॉकर एकामागे एक असे खेटून टांगले, म्हणजे पुढच्यावरून निसटलेला रंग मागच्याच्या अंगावर बसावा. पंगतीत एकाच्या पानातून घरंगळलेला लाडू शेजाऱ्याने उचलावा, तशी व्यवस्था.

आणि मग त्यांनी गन धरली. मनगट हलेना, फक्त पाय हलत. मामा खेकड्यासारखे आडवे चालत आणि लॉकरची कड आली की घोडा सोडत, पुन्हा माल समोर आला की दाबत. रंगाचा दुसरा पट्टा पहिल्याच्या अर्ध्यावर. मी शपथेवर सांगतो, त्या गनमधून रंग उडत नव्हता, रांगेत शिस्तीने चालत जात होता. तरुण पेंटर मनगट फिरवायला लागला की मामा ओरडत, "आरती वोवाळतोस काय रं? सरळ चाल!"

शुक्रवार, शनिवार, रविवार. रविवारची सुट्टीही गेली. पहिल्या दिवशी मी दर पाच मिनिटांनी पिंपात डोकावत होतो. दुसऱ्या दिवशी मामांनी पिंपावर झाकण ठेवून त्यावर आपला जेवणाचा डबा ठेवला. "बघून वाढनार हाय का तो? उलट तुमच्या उसाशांनी सुकंल." रविवारी दुपारी एकशेविसावा लॉकर हुकावरून उतरला, तेव्हा पिंपात एक पळीभर रंग शिल्लक होता.

सोमवारी शेठ आले. एकेका लॉकरवर बोट फिरवलं, खूश झाले आणि मग त्यांना राग आठवला. "लेकिन पहले इतना कलर गया किधर? गलती किसकी?"

मी तोंड उघडणार, तोच मामा मधे पडले. "काटा बिघडलेला हुता, शेठ. प्रेशर दाखवायचा कमी, मारायचा जास्त. सायबांनीच पकडला."

काटा ठणठणीत होता. माझी नोकरी राहिली, पत्रिका खऱ्या ठरल्या.

पुढच्या रविवारी पेढे घेऊन मी मामांच्या घरी गेलो. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्याला त्यांचा पाडा. नुकतीच कापणी, झोडणी झालेली, घरात नवा तांदूळ. मामांनी मला ओट्यावर बसवलं. तेवढ्यात आत झाकण खणकन वाजलं आणि मामा ओरडले, "वा! काय वास सुटलाय गो भाताला!"

मला काही वास आला नाही. पाणी मागायला आत डोकावलो, तर चुलीवर अंघोळीच्या पाण्याचा हंडा, त्याचं झाकण खाली पडलेलं, आणि तांदूळ अजून सुपात. मामींनी माझ्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि बाहेरच्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मग! नवा तांदूळ हाय!"

मी गोंधळून ओट्यावर परत आलो. माझा चेहरा बघून मामा ओशाळले. जवळ सरकून हळूच म्हणाले, "भात चढलाच नाय वाटतं अजून?"

"नाही मामा."

"मना वास येत नाय, सायेब. बारा-तेरा वर्सं झाली. त्याच्या आदी आमी पन तुमच्यासारकंच फुल प्रेशर मारायचो. सगळं नाकात. एक दिस भात करपला, घर धुरानं भरलं, आनि मना पत्ताच नाय." ते मिशीवरून हात फिरवत राहिले. "हिला ठाव नाय हां. भात झाला की झाकन वाजतं, त्यावर मी वळकतो. तिनं एवढं रांधायचं, आनि आपन वा म्हनायचं नाय?"

आत कोणाला काय ठाऊक आहे, हे मी बोललो नाही.

"तुमची मंडळी आता येनार घरात," मामा म्हणाले. "नाक शाबूत ठेवा."

मी मान हलवली. दुपार चढत गेली. मामा पोरांच्या मिशांचे किस्से सांगत बसले, मी हसत बसलो. आणि मग, आतून काहीही वाजायच्या आधी, तो आला. नव्या तांदळाचा, गोडसर, ओल्या शेतासारखा वास ओट्यावर पसरला. मी मामांच्या कानाशी वाकलो.

"मामा, आलाय."

मामांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग घराकडे तोंड करून, सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "वा! झाला गो भात!"

मी दारातून पाहिलं. मामी चुलीपुढे उभ्या होत्या, वाजवण्यासाठी उचललेलं झाकण हातात तसंच धरून.