टिंबानंतरची जागा

“स्क्रिप्ट? आयतं खाणाऱ्यांचं काम ते! आपण एकेक आज्ञा हाताने टाइप करणार!” जावईबापूंनी फोनवर मेव्हणीला ठणकावलं. बावीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस! त्यांच्या नजरेतून मुंगी सुटत नसे, आणि सुटलीच तर पाय मोजून घेतल्याशिवाय नाही!

“भाऊजी, मी पाठवलेल्या स्क्रिप्टच्या फाईलवर दोनदा टिचकी मारा नि चहा प्या,” मेव्हणी म्हणाली. ती हॉस्पिटलमधली यंत्रं दुरुस्त करायची, त्यामुळे तिचा यंत्रांवर भारी विश्वास, माणसांवर बेताचा. “एकेचाळीस ओळी आहेत. फाईल त्या बिनचूक चालवते.”

“मग मी त्या बिनचूक लिहीन!”

मामला होता गेम खेळायच्या यंत्राचा, आणि यंत्र होतं सासूबाईंचं. हसू नका! आजारपणात त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. व्यायामवाल्या बाईंनी दिलेला रबरी चेंडू त्यांनी त्याच बाईंना फेकून मारला, डाव्या हाताने. शेवटी घरात हा मासे पकडायचा गेम आला आणि चक्रं फिरली! रोज पाच वाजता सासूबाई हात उचलून गळ टाकायच्या. दीड वर्षात तळ्यात चारशे बारा मासे जमले आणि हात खांद्यापर्यंत जायला लागला; मूठ तेवढी अजून घट्ट वळत नव्हती. फक्त पडद्यावरची अक्षरं फार बारीक. ती मोठी करायची, तर यंत्राच्या पोटातलं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारी मूळ आज्ञावलीच, बदलावी लागणार होती. आणि त्या नादात मासे गेले, तर हात पुन्हा मांडीवरून उठायचा नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

जावईबापूंनी काय करावं? मेव्हणीची स्क्रिप्ट कागदावर छापली आणि लाल पेनाने तपासली! सतरा चुका निघाल्या. पहिल्याच ओळीत एका फोल्डरचं नाव दोनदा आलं होतं. द्विरुक्ती! ती ओळच उडवली. टिंबानंतर कुठे जागा म्हणून सोडलेली नव्हती. ती सगळीकडे सोडली. मग मासे ज्यात साठवलेले, ते यंत्रातलं कार्ड लॅपटॉपला लावून साहेब टाइप करायला बसले.

तेविसाव्या ओळीला लॅपटॉपने विचारलं, नक्की?

“अरे, तू आम्हाला विचारतोस?” म्हणत त्यांनी ‘हो’ची कळ दाबली. त्यानंतर लॅपटॉप त्यांच्या एकाही ओळीला भीक घालेना. कार्ड परत यंत्रात घातलं, तर पडदा काळाकुट्ट! आणि वाजले होते पावणेपाच.

सासूबाई खुर्ची ओढत आल्या. “झालं का, जावईबापू?”

“झालंच! तळ्यातलं पाणी बदलतायत.”

“अगंबाई! मग मासे कुठे ठेवलेत?”

“बादलीत!”

“चारशे बारा मासे बादलीत? गुदमरतील की हो!”

“मोठी बादली आहे,” म्हणत ते बाथरूममध्ये पळाले, कडी लावली आणि दबक्या आवाजात फोन केला. “धाकटे, वाचव!”

सगळं ऐकून मेव्हणीने एवढंच विचारलं, “टिंबानंतर जागा सोडलीत?”

“अर्थात! पूर्णविरामानंतर जागा सोडत नाही तो माणूस कसला?”

“अहो, त्या टिंबाला तारा, म्हणजे * ही खूण, चिकटलेला होता! टिंबाआधी जे नाव, त्या नावाच्या फालतू फाईली पुसा, एवढाच अर्थ. तुम्ही जागा सोडलीत नि तारा सुटा पडला. सुटा तारा म्हणजे ‘सगळं’! तुम्ही सगळं पुसलंत!”

जावईबापू मटकन बादलीवर बसले. “पण काहीतरी सोय केली असशील ना?”

“पहिलीच ओळ! इथलं उचला, तिथे नक्कल ठेवा.”

“ज्यात एक नाव दोनदा होतं?”

“तीच.”

“ती मी उडवली गं.”

बाहेरून हाक आली, “जावईबापू, बादली सापडली का?”

“आईला खरं सांगा,” म्हणून मेव्हणीने फोन ठेवला.

जावईबापू बाहेर आले. खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं. “आई, मासे गेले. माझ्या शहाणपणाने गेले. तुमच्या हाताचं आता...”

“कुठे जातायत!” सासूबाईंनी चष्म्याच्या डबीतून दुसरं कार्ड काढलं. “धाकटी रविवारीच नक्कल काढून गेलीय. म्हणाली, भाऊजी काही ऐकायचे नाहीत. बादली म्हणालात तेव्हाच ओळखलं मी.”

जावईबापूंचे डोळे भरून आले. आपल्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, याचा इतका आनंद त्यांना जन्मात झाला नव्हता! त्यांनी पुन्हा फोन लावला. “धाकटे, तुझे उपकार कसे फेडू?”

“फाईलवर दोनदा टिचकी मारून!”

दुसरं कार्ड लॅपटॉपला लावून त्यांनी ती मारली. चहाचं आधण चढायच्या आत सगळं आटोपलं. पाचाच्या ठोक्याला तळं उघडलं, मासे हजर, आणि अक्षरं पाटीएवढी मोठी! त्या मोठ्या अक्षरांत जावईबापूंना लख्ख दिसलं, की स्वागताच्या ओळीत शुद्धलेखनाची चूक आहे. त्यांचा हात आपसूक लॅपटॉपकडे सरकला. “एकच अक्षर आहे, आई, हाताने...”

सासूबाईंनी त्यांचं मनगट पकडलं. उजव्या हाताने! आणि असं घट्ट, की त्यांना बोट हलवता येईना.

“आई! पकड आली की हो तुम्हाला!”

“आली ना? आता सुटून दाखवा.”

जावईबापूंनी प्रयत्न केला. सुटता येईना. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एक चूक डोळ्यांदेखत जाऊ दिली, आणि तीही अगदी आनंदाने!