पुंडलिककाका आणि माझी चार सेमिस्टरं

"मांगं सर वं पोरी! त्याच्या डोक्यावर उभी राहून राहिली तू!"

पुंडलिककाकांनी माझ्यावर केलेला हा पहिला आरडाओरडा. मी दचकून इकडेतिकडे पाहिलं. माणूस नाही, कुत्रंसुद्धा नाही. आठ पावलांवर एक गुडघाभर कडुनिंब तेवढा होता. त्याच्याभोवती काकांनी चुन्याच्या फक्कीने भलंमोठं रिंगण आखलं होतं. झाड मोठं झाल्यावर त्याचा घेर जिथवर येणार तिथवर रिंगण, आणि त्यात कुणी पाय ठेवायचा नाही. पोस्टमनसुद्धा बिचारा वळसा घालून येतो.

अमरावतीहून चांदूर बाजारकडे जाताना काकांचा मळा लागतो. झेंडू, शेवंती, आणि कडेला रोपांची नर्सरी. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा अकोल्याला असतो. तो रविवारी फोन करून "बरं हाय ना बाबा?" विचारतो, काका "हाव" म्हणतात आणि फोन संपतो. उरलेला आठवडा काका गिऱ्हाइकांशी भांडतात.

मी गेले होते कॉलेजच्या कामासाठी, झाडांची रोपं पाहायला. आर्किटेक्चर संपवून नागपूरला लँडस्केप आर्किटेक्चरच्या, म्हणजे बागा आणि मोकळ्या जागा आखण्याच्या, मास्टर्सला नुकतीच लागले होते, शनिवार-रविवार अमरावतीला घरी यायचे.

"किती वर्साचं हाय हे?" काकांनी विचारलं.

"दोन."

"अन् घरं बांधाचं?"

"पाच."

"घराले पाच अन् झाडाले दोनच? काहून वं?" हा अन्याय त्यांनी त्या दिवशी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवला.

मग त्यांनी माझ्याकडून सगळा अभ्यासक्रमच वदवून घेतला. पहिल्या सेमिस्टरला एखादं अंगण किंवा बाग, शिवाय माती आणि झाडांची ओळख. दुसऱ्याला शहरातले चौक, रस्ते, मोकळ्या जागा. तिसऱ्याला नदीचं अख्खं खोरं, आणि एखाद्या ऑफिसात प्रत्यक्ष काम. चौथ्याला थिसिस, म्हणजे स्वतः निवडलेला एकच मोठा प्रकल्प, आणि शेवटी बाहेरचे परीक्षक. काकांनी नाक मुरडलं. "उलटं हाय. पानी कुठून येते थे आधी पाहा लागते, मंग आंगन." माझा अस्सा संताप झाला! कारण त्यांचं बरोबर होतं.

झाडं ओळखायच्या परीक्षेत मला वीसपैकी एकोणीस मिळाले, ते सांगायला मी उड्या मारत गेले. "पानं पाहून? पान तं बकरी बी ओयखते," काका म्हणाले आणि माझ्या डोळ्यांवर दुपट्टा बांधून खोडं चाचपायला लावली. सुरुवात बाभळीपासून केली. तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

थिसिसला मी नांदगाव खंडेश्वरच्या आठवडी बाजाराची जागा निवडली, तिथे सावली आणि बसायचे ओटे आखायचे होते. मधल्या तपासणीत परीक्षकांनी माझा नकाशा पाहिला आणि एकच विचारलं, "ही झाडं वाढायला दहा वर्षं लागतील. तोवर भाजीवाल्या बायका बसणार कुठे?" कॉम्प्युटरवर बटण दाबलं की भरगच्च मोठं झाड उमटतं, तसे मी शंभर कडुनिंब उमटवले होते. सहा आठवड्यांत उत्तर आणा, नाहीतर सेमिस्टर गेलं, असं मला सांगण्यात आलं.

मळ्यात येऊन मी ढसाढसा रडले. काकांनी रडू दिलं. मग फक्कीची पिशवी आणि दोरी समोर टाकली. "झालं? आता बजार आख."

झेंडू काढून रिकाम्या झालेल्या वावरात, एप्रिलच्या उन्हात, चार शनिवार आम्ही तो बाजार खऱ्या मापाने आखला. झाडाचं पहिल्या वर्षाचं रिंगण ताटाएवढं, पाचव्याचं खाटेएवढं. मग भर दुपारी काकांनी मला वांग्यांची टोपली देऊन ओट्याच्या जागी बसवलं. मी तासाभरात उठले.

"येक घंटा नाई निंगाला तुह्यानं," काका म्हणाले. "अन् त्या बायाईनं दहा वर्सं बसाचं?"

मग त्यांनी शेवग्याची रोपं आणली. "हे निंबाच्या मधी लाव. दोन वर्सात डोक्यावर येते. सावली पातय हाय, पन हाय. निंब मोठा झाला का शेवगा काढून टाकजो."

मी बाजार तीनदा काढला: दुसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या वर्षीचा. परीक्षकांनी बराच वेळ पाहिलं आणि हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं. मी काकांचं नाव सांगितलं. पास झाले! माझ्या पदवीच्या कागदावर त्यांची सही नाही, पण असायला हवी होती.

पेढे आणि थिसिसची जाड वही घेऊन मळ्यात गेले. काकांनी हात धुतले, शर्टाला पुसले, गोणपाट अंथरून वही ठेवली आणि इंग्रजी येत नसताना एकेक पान उलटलं. शेवटचं पान झाल्यावर वही मिटली नाही, तसाच हात ठेवून बसले.

"पाचवं सेमिस्टर नसते का वं?" त्यांनी हळूच विचारलं.

चार सेमिस्टरं हा माणूस शनिवारची वाट पाहत होता, आणि मी समजत होते की गरज फक्त मलाच आहे.

"असतं ना काका," मी म्हटलं. "ते इथंच असतं."

आता मी अमरावतीतच काम करते. आज शनिवार आहे. काकांनी दुपारी झाडांच्या सालींची परीक्षा ठेवली आहे, आणि माझा काडीचाही अभ्यास झालेला नाही.