ईटीएफची बुट्टी

आमच्या कुंभारवाड्याचे भैरूमामा बाजारात बुट्टी, म्हणजे टोपली, पालथी केल्याशिवाय कंद घेत नाहीत. वरचे गोजिरवाणे, खालचे कुजके, असा त्यांचा अख्ख्या मानवजातीवर संशय. ते लांबून दिसले तरी विकणाऱ्या बायका बुट्टीवर हात ठेवून बसतात.

त्यांची मुलगी सुमी बेळगावात नर्स आहे. पगारातली शिल्लक तिला ईटीएफमध्ये घालायची होती. तिची अट एकच, अप्पांनी, म्हणजे मामांनी, 'साधं हाय' म्हटलं पाहिजे. 'गुंत्याचं' म्हटलं तर बेत रद्द. झालं! माहितीपत्रक घेऊन मामा माझ्या दारात हजर. मी शाळामास्तर, त्यामुळे गावातले सगळे इंग्रजी कागद माझ्याच गळ्यात पडतात. मामांनी आधी ते पत्रक उलटं धरून झटकलं.

"गुर्जी, ह्यात हाय काय?"

"पुष्कळ कंपन्यांचे थोडे थोडे शेअर. सगळ्या कंदांची एक बुट्टी समजा. ती बाजारात दिवसभर घेता-विकता येते."

"खरंच कंद हाईत, का कंदांच्या नावाच्या नुसत्या चिठ्ठ्या?"

मी चाटच पडलो. काही ईटीएफ शेअर न घेता नुसत्या करारांवर चालतात आणि खरी गुंतागुंत त्यांतच असते, हे मला तिसऱ्या पानावर कळलं होतं. यातले शेअर खरे होते. तसं सांगितलं.

"आन् बुट्टी भरणाऱ्याची मजुरी?"

तीही किरकोळ होती. तरी मामांची मान हलेना. "गुंत्याचं वाटतंय."

नुसतं 'वाटतंय' म्हटल्यानं बेत ना ठरला ना रद्द झाला; असे तीन आठवडे गेले. मामा रोज संध्याकाळी रेंज मिळते त्या चढावर उभे राहून फोनवर सुमीकडून धडा घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरायचे. शेवटी मी भडकलो आणि त्यांना चढावरच गाठलं.

"मामा, पोरगी खोळंबलीय! एवढं काय कळत नाही तुम्हाला?"

"कळलं की वो पैल्याच दिशी," मामा हळूच म्हणाले. "तिची आई गेल्यापास्नं फोन म्हंजे 'जेवलास का अप्पा' आन् ठेवलाच. आता अर्धा अर्धा तास बोलतीया. साधं हाय म्हटलं की संपलं न्हवं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. तेवढ्यात मामांचा फोन वाजला, तो मीच घेतला.

"सुमे, फार गुंतागुंतीचं प्रकरण आहे बाई. फोनवर नाही उलगडायचं. अप्पांना समोर बसवून शिकवावं लागेल."

"मग रविवारच्या बसनं येते, गुर्जी. दोन दिवस राहते."

मामांनी टॉवेलनं डोळे पुसले. "बघा, मी म्हणलं न्हवतं? गुंत्याचंच हाय!"