यमुनाबाईंचा उजवा हात

यमुनाबाईंच्या हातचा घास नाकारील असं पोर अजून झाशीत जन्मलेलं नाही! हे त्या स्वतःच सांगत, आणि समोरचा मान हलवीपर्यंत सांगत. कैलासवासी विश्वंभरराव रेल्वेत गार्ड होते. ते निशाण दाखवून गाडी हलवत, या घास दाखवून तोंड उघडवत. स्वतःचे मुलगे, नातवंडं आणि वर अर्ध्या रेल्वे कॉलनीची पोरं त्यांनी 'हा चिऊचा, हा काऊचा' करत पोसली. शाळा तिसरीत सुटली. पण पोराला जेवू घालणं कुठल्याच इयत्तेत शिकवत नाहीत, तेव्हा बिघडलं काय?

दतिया गेटजवळच्या त्यांच्या घरात वरच्या खोलीत मार्टा राहायला आली. पोलंडची. आपला देश सोडून झाशीच्या उन्हात, दिव्यांग मुलांच्या केंद्रात बिनपगारी काम करायला आलेली.

"तिकडची मुलं संपली काय?" यमुनाबाईंनी पहिल्याच दिवशी मराठीत विचारलं.

मार्टाला हिंदी येत होतं, मराठी नाही. सून कल्याणीनं घाईघाईनं त्याचं हिंदी केलं, "अम्माजी कह रही हैं, आपका स्वागत है।"

कल्याणी झाशीतच वाढलेली. तिचं मराठी अर्ध्या वाटेत हिंदीत उतरतं, पण असल्या वेळी फार उपयोगी पडतं.

केंद्रात मार्टाकडे जेवणाचा वर्ग होता. मुलांनी आपल्या हातांनी जेवायचं, एवढाच अभ्यास. जाड दांड्यांचे चमचे, उंच काठाच्या थाळ्या, थाळीखाली न सरकणारं रबर. चारुता नावाची नऊ वर्षांची मुलगी चाकाच्या खुर्चीत बसे. हात ताठ, मान कलती, जीभ मात्र ठणठणीत. तिचा चमचा थाळीतून तोंडाकडे निघाला की इलाइट चौराह्यावर अडकलेल्या टेम्पोसारखा जाई! थोडा पुढे, थोडा मागे, मध्येच आडवा, अर्धा माल रस्त्यात सांडलेला. पण पोचे.

"और तू क्या करती है तब?" मार्टाकडून हे ऐकून यमुनाबाईंनी विचारलं.

"मैं? मैं हाथ पीछे बाँधके बैठती हूँ।"

यमुनाबाईंच्या हातातली लाटी परातीत पडली. पोर घासासाठी झुंजतंय आणि ही बया हात बांधून बघतेय! एवढ्यासाठी विमानानं यायचं?

बुधवारी मार्टाचं पोट बिघडलं. चौराह्यावरच्या गोलगप्प्यांनी पोलंडवर विजय मिळवला. "आज जेवणाच्या वेळी बाई कमी पडेल," ती कण्हत म्हणाली, तेव्हा यमुनाबाईंनी पदर खोचलाच.

"आई, तुम्ही रहने द्या ना," कल्याणी म्हणाली. "तिथले रूल असतात."

"भुकेल्या पोराला कसला गं रूल?"

बाई वरणभाताचा डबा, साजूक तूप आणि लिंबू घेऊन केंद्रात पोचल्या. तिथल्या मदतनीस बाईला वाटलं, कुणी ट्रस्टी आल्या. तिनं खुर्ची दिली. यमुनाबाईंनी चमचे उचलून खिडकीत ठेवले, हात धुतले आणि कामाला लागल्या. "ये चिऊ का! ये काऊ का! ये स्टेशनमास्टर का!" मुलांना चिऊ माहीत नव्हती, काऊ माहीत नव्हता, पण साजूक तूप कळलं. अर्ध्या तासात सगळ्या थाळ्या घासल्यासारख्या स्वच्छ!

"यात काय एवढं?" असं घरी येऊन त्या कल्याणीला म्हणाल्या. रात्रीपर्यंत म्हणतच होत्या.

दुसऱ्या दिवशी मार्टा कामावर गेली आणि पांढरी होऊन परतली. मुळातच गोरी, त्यामुळे यमुनाबाईंच्या ते लगेच लक्षात आलं नाही.

"अम्माजी, आपने क्या किया?"

झालं होतं असं, की वर्गातली सगळी मुलं थाळीपुढे तोंडं उघडून बसली होती. ओळीनं, पोस्टाच्या पेट्यांसारखी! चमचा दिला की जमिनीवर. पियूष नावाचा मुलगा तर चमचा मार्टाच्या हातात देई, तिचा हात स्वतःच्या तोंडाकडे ओढी आणि खो खो हसे. तीन महिन्यांची मेहनत साजूक तुपात विरघळली होती.

"उद्या दिल्लीहून संस्थेचे सुभाषचंद्रजी येतायत," मार्टा हिंदीत म्हणाली. "वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, ते उद्या मुलांचं जेवण बघून ठरवणार. मुलांनी उद्या नुसती तोंडं उघडली की वर्ग बंद."

"बंद झाला तर?"

"तर या मुलांना मोठेपणीही कुणीतरी भरवावं लागेल. आई नसेल तेव्हा कोण भरवणार, अम्माजी?"

यावर यमुनाबाईंना आपली चूक कळली. असं त्यांच्या आयुष्यात क्वचितच झालं होतं, म्हणून त्या फार चिडल्या. "रडू नको! मी बिघडवलंय, मीच नीट करते!"

त्या संध्याकाळी चारुताच्या घरी जाऊन थडकल्या. घर दोन गल्ल्या सोडूनच. "हे बघ पोरी, कल अपने हाथ से खाना। समझी?"

चारुतानं त्यांना खालीवर न्याहाळलं. "काय अम्मा? तुमाए हाथ तो अच्छे-भले हैं। तुमईं खबा दो!"

हात धड आहेत तर तुम्हीच भरवा, हा मुद्दा बिनतोड होता. यमुनाबाई घरी परत येईपर्यंत त्यावर तोड निघालीही होती. हात धड आहेत ही अडचण ना? मग धड नकोत!

शुक्रवारी सकाळी कल्याणीनं सासूच्या उजव्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत पट्टी गुंडाळली. तिचा नवरा जिन्यावरून पडला होता तेव्हाची हात अडकवायची झोळी कपाटात होती, ती गळ्यात अडकवली.

"आई, हे ठीक दिसत नाही. झूठ आहे."

"झूठ कसलं? पट्टी खरी आहे की नाही? बांध घट्ट!"

ठेवणीतली जांभळी इरकल नेसून, हात गळ्यात अडकवून यमुनाबाई वर्गात शिरल्या. सगळी तोंडं आधी उघडली, मग पट्टी बघून मिटली.

"काय अम्मा, का हो गओ?" चारुतानं विचारलं.

"हाथ टूट गया बेटा। अब मैं नहीं खिला सकती। सब अपने-अपने हाथ से खाओ।"

"दूसरो हाथ तो है!"

यमुनाबाईंचा पारा चढला. "उलटे हाथ से? छी! उलट्या हातानं कुणी घास भरवतं का? हमारे यहाँ उलटे हाथ से न खाते हैं, न खिलाते हैं!"

मार्टा कौतुकानं बघतच राहिली. मुलं चमचे उचलणार, इतक्यात चारुताच्या कपाळाला आठी पडली.

"तो फिर तुमें कौन खबा रओ है?"

"क्या?"

"सूदो हाथ टूटो है। उल्टे से तुम खातीं नईं। तो सबेरे से भूखी हो का?"

यमुनाबाईंनी तोंड उघडलं. एवढा विचार त्यांनी केलाच नव्हता! सकाळी त्यांनी दोन पराठे आणि वाटीभर दही खाल्लं होतं, पण तसं सांगावं तर कुठल्या हातानं खाल्लं ते सांगायला हवं. तोंड उघडं ते उघडंच राहिलं. चारुतानं मदतनीस बाईकडून खुर्ची पुढे ढकलवून घेतली, चमचा दालभातात बुडवला, आणि टेम्पो निघाला! थोडा पुढे, थोडा मागे. पहिला घास यमुनाबाईंच्या हनुवटीवर पोचला, दुसरा नाकावर, तिसरा तोंडात.

"जो चिऊ को!" चारुता ओरडली.

मग काय विचारता! पियूष आपला चमचा घेऊन धावला. त्याच्यामागून बाकीची. कुणी डावीकडून, कुणी समोरून. जी मुलं काल चमचा धरायला तयार नव्हती, ती आज अम्माला भरवायला भांडत होती. पियूषच्या चमच्यातून भाजी कधी निसटत नसे, पण इरकलीच्या काठाजवळ आली की मुद्दाम निसटे!

"अरे हळू! अरे बस! पोट भर गया!"

"पैले चबाओ, फिर बोलो," चारुतानं दम भरला.

आणि नेमके याच वेळी दिल्लीचे सुभाषचंद्रजी दारात उभे राहिले. त्यांना दिसलं ते असं: मधोमध एक वृद्ध बाई, हात गळ्यात, गळ्यावर डाळ, आणि भोवती चमचे घेतलेली मुलं. एक घास तिला, एक स्वतःला. कारण अम्मा एकटी जेवायला लाजते, असं चारुतानं जाहीर केलं होतं.

"अद्भुत!" सुभाषचंद्रजी म्हणाले. "आणि या माताजी? या कधीपासून आहेत तुमच्याकडे?"

मार्टाच्या घशातून विचित्र आवाज आला. यमुनाबाई ताडकन उठू पाहत होत्या. मी गार्डसाहेबांची बायको आहे, घरची मालकीण आहे, ही पोरगी माझ्याकडे भाड्यानं राहते, हे सगळं त्यांना सांगायचं होतं! पण तोंडात भात होता. जे बाहेर पडलं त्यात शब्दांपेक्षा भातच जास्त होता.

"राहू द्या, राहू द्या, माताजी," सुभाषचंद्रजी वाकून, मोठ्यानं आणि सावकाश म्हणाले. "बोलण्याचीही अडचण दिसते. काही हरकत नाही. फार छान जेवलात हं! शाब्बास!" आणि त्यांनी यमुनाबाईंच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांच्या! डोक्यावरून!

यमुनाबाईंनी मार्टाकडे हताश नजर टाकली. मार्टाचे डोळे भरले होते, आणि ते रडणं की हसणं, ते कळत नव्हतं. चारुता मात्र स्वतःची थाळी खरवडत होती, आपल्या हातानं, शेवटच्या शितापर्यंत.

यमुनाबाईंनी भात गिळला. आणि शब्दही गिळले.

वर्ग चालू राहिला. सुभाषचंद्रजींनी निघताना एकच अट घातली. या माताजींचं येणं खंडू द्यायचं नाही. मुलांना त्यांच्यामुळे हुरूप येतो, आणि खुद्द माताजींनाही फायदा होईल.

तेव्हापासून रोज दुपारी यमुनाबाई पट्टी बांधून केंद्रात जातात. आता बाजारातही पट्टी काढता येत नाही, कारण केंद्रातल्या मुलांच्या आया भाजीवाल्याकडे भेटतात आणि हाताची चौकशी करतात. परवा कल्याणी पट्टी सोडवता सोडवता म्हणाली, "आई, अजून कितने दिन हे चालणार? केंद्रवाले काय म्हणतात?"

यमुनाबाईंनी मोकळा झालेला हात दोनदा झटकला, खिडकीकडे तोंड केलं आणि पुटपुटल्या, "म्हणतात, हळूहळू सुधारणा आहे."